एका पानात बसव

चप्पल उंबऱ्यातच राहिली आणि आबा पुढं गेले. एवढंच झालं. मी त्यांना काखेत धरून दवाखान्याच्या संडासाकडं नेत होतो. उंबऱ्याला उजवी चप्पल अडकली, पाय तेवढा निसटून आत आला, आणि आबांना ते कळलंच नाही. मी म्हणालो, "आबा, चप्पल." तर म्हणाले, "हाय की पायात." खाली बघितलंसुद्धा नाही. आपल्या पायात काय आहे ते माणूस कशाला बघेल, त्याला ते आतनं माहीत असतं. मी मागं बघितलं. चप्पल उंबऱ्यावर आडवी पडलेली, अंगठ्याचा खड्डा वर करून. आबांचा उघडा पाय ओल्या फरशीवर टेकलता आणि फरशी गार आहे हेही त्या पायाला माहीत नव्हतं. आत पाच मिनिटं उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "लागलीच न्हाय." सकाळपासनं दोन तांब्या पाणी प्यालते. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत आलता. मणक्यातलं इंजेक्शन साडेनवाला झालतं. जिना संपलाय असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी असावी तसं मला झालं. का, ते त्या वेळी मला कळलं नाही. म्हणजे कळत होतं, पण कुठल्या बाजूनं येतंय ते कळत नव्हतं.

नंदिनी सिस्टर म्हणाली, "भूल असत्या त्यात. उतरंल की. चहा पाजा त्यास्नी." ती केस-पेपर लावत बसलती, तिला बारा कामं. आई कॉटच्या पायथ्याशी बसून आबांचे तळवे चोळत होती. दोन्ही पाय मांडीवर घेतलेले. डावा चोळला की आबा म्हणायचे, "हळू की गं." उजवा चोळला की काही म्हणायचे नाहीत. आई मग उजवाच जास्त चोळायला लागली.

त्या उजव्या पायाबद्दल सांगायला पाहिजे. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर, सव्वीस वर्षं. कोल्हापूर-मलकापूर, पुढं आंबा घाट उतरून रत्नागिरी. मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत त्यांच्या गाडीनं जायचो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, जाळीला नाक लावून. लोक रस्ता बघायचे, मी आबांचा पाय बघायचो. घाटात तो पाय एकसारखा बोलत असायचा. जरा दाबला, सोडला, परत जरा. बूट घालायचे नाहीत, कापशी गावची जाड चप्पल, तीसुद्धा घाट लागला की काढून बाजूला ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाडी कानानं ऐकत न्हाईत लेकरा. तळपायानं ऐकायची. चाक कुठं घसरतंय, ब्रेकचा लायनर कुठं तापलाय, सगळं खालनं वर येतंय." मला तेव्हा वाटायचं माझ्या पायातही असलं काहीतरी येईल, मोठा झालो की. आलं नाही. मला आलं ते बोटांत.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या कंबरेतनं कळ निघायला लागली. ढुंगणातनं मांडीच्या मागनं पार करंगळीपर्यंत. ते म्हणायचे, "कुणीतरी पायात वायर घालून करंट सोडतंय." घरी असताना ते जमिनीवर पालथे पडून गुडघा भिंतीला लावून झोपायचे. डेपोत कुणाला सांगितलं नाही. आता पन्नाशी उलटली की मेडिकल लागतं, त्यात ड्रायव्हर नापास झाला की त्याला हलकं काम देतात. गाड्या धुवायच्या शेडवर नाहीतर गेटवर. आबांनी तसली माणसं बघितलती. एक जण तीस वर्षं गाडी चालवून गेटवर दोरी वरखाली करत बसलता. आबा म्हणायचे, "माणसाला दोरीला बांधलंय का दोरी माणसाला, त्येच कळत न्हाय." त्यांचं मेडिकल इंजेक्शन घेतलं त्या महिन्याच्या शेवटी होतं. चार वर्षं राहिलती नोकरीची.

यल्लाप्पाकाकांनी डोकं चालवलं. काका आबांचे जुने कंडक्टर, नेसरीकडचे, बोलणं असं की गाडीतली पेंगलेली माणसं जागी व्हायची. घरी येऊन आईनं दिलेला चहा बशीत ओतत म्हणाले, "आकाराम, मर्दा, टोचून घे की! मला दिलं त्यानं वाळवेकरानं. मणक्यात. मुंगी चावल्यागत हुतंय बघ. आधी मुतायला बसलो की आईची आठवण यायची, आता बायकोचीबी येत न्हाय. चौथ्या दिवशी म्हशीमागं पळालोय." आईनं विचारलं, "कसलं औषध म्हणायचं ते?" काका म्हणाले, "स्टेरॉड." आई माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं, शीर मणक्यातनं जिथनं बाहेर येते तिथं सूज असते, त्या सुजेवर हे औषध सोडतात. बऱ्याच लोकांना गुण येतो, काही महिने तरी. मी हे अगदी सावकाश, शांतपणे सांगितलं. काका म्हणाले, "आयला, तुला रं कसं म्हाईत?" आई म्हणाली, "त्यो फारमच अतुलनं टाईप केलाय, वाळवेकर डॉक्टरचा." आणि पदरानं तोंड पुसलं, तिला अभिमान वाटला की ती तोंड पुसते.

तर तो फॉर्म.

मी बारावीत सोडलं. राजारामपुरीत सयाजीरावांचं डीटीपीचं दुकान आहे, तिथं आधी झेरॉक्स काढायला लागलो. टायपिंग कुणी शिकवलं नाही. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून घेतलता, घरी जेवताना डाव्या हातानं त्यावर बोटं मारायचो. आई म्हणायची, "गिळ आधी." इंग्लिश मी डिक्शनरीनं शिकलो, एकेक शब्द, तेही ए पासनं. दुकानात लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं, जाहीरनामे. एक दिवस वाळवेकर डॉक्टर आले, गल्लीच्या तोंडाला त्यांचा नवीन दवाखाना झालता, फक्त दुखणं थांबवायचा. हातात इंग्लिश झेरॉक्स, तीन पानं, कुठल्यातरी मोठ्या ठिकाणचा, इंजेक्शनआधी सही घ्यायचा संमतीचा फॉर्म. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "हे मराठीत करता येईल तुला?" आजपर्यंत मला कुणी असं विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे टाईप कर. हा माणूस म्हणाला, करता येईल का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "सोपं कर. आणि एका पानात बसव."

"तीन पानं हाईत सर."

"अरे, तीन पानं बघितली की पेशंट उठून घरी जातो. मग वर्षभर विव्हळत बसतो. आणि वाचतं कोण?"

त्यांचं खोटं नव्हतं. घाबरून पळालेला माणूस मीही बघितलाय. दोन दिवस मी ते करत बसलो. 'क्वचित' या शब्दावर अर्धा तास घालवला. कधीकधी म्हणावं तर जास्त वाटतं, कधीच नाही म्हणावं तर खोटं. क्वचित. छान वाटला मला. मग पान लावलं. चौदाचा टाईप बाराचा केला, मग अकराचा. कडेचे समास बारीक केले. दोन ओळींतली जागा आवळली. तरी तीन ओळी दुसऱ्या पानावर. त्या तीन ओळी तशा पानाखाली लोंबत राहिल्या आणि माझं डोकं उठलं. लग्नपत्रिकेत असं झालं तर मी काय करू शकत नाही. 'आपले नम्र'च्या यादीतनं एक चुलता काढला की दुसऱ्या दिवशी चुलता काठी घेऊन दुकानात येतो. पण फॉर्मातल्या ओळीचं कोण येत नाही. 'दवाखाना जबाबदार राहणार नाही' ही ओळ काढता येत नव्हती, ती डॉक्टरांना दिसली असती. मी वरनं खाली बघत गेलो. काढायच्या ओळी मी अर्थानं निवडल्या नाहीत. मापानं निवडल्या. कुठल्या तीन काढल्या की बरोबर शेवटची सहीची रेघ वर येते, ते बघितलं. काढल्या. पान असं बसलं की मी मागं सरकून बघितलं. डॉक्टरांनी नजर फिरवली आणि म्हणाले, "वा." दोनशे प्रती काढल्या त्याच्या, नंतर परत पाचशे.

त्या तीन ओळी कुठल्या, हे मला त्या दुपारी कॉटशेजारी बसून आठवत नव्हतं. हेच ते होतं, ती न दिसलेली पायरी. मला माहीत होतं की एक ओळ वेळेची होती. इंजेक्शननंतर अमुक तास झाले तरी पायात जाणीव आली नाही किंवा लघवी झाली नाही तर. तर काहीतरी ताबडतोब. पण किती तास? चार का आठ का चोवीस? मी डोळे मिटून तो इंग्लिश कागद आठवायला बघितलं, नुसता झेरॉक्सचा काळा डाग दिसला कोपऱ्यातला. सव्वाएक. दीड. आबा म्हणाले, "आरं, बस की, येरझाऱ्या काय घालतोस. मेडिकलला तू जाणार हैस का मी?" आणि हसले. कळ पूर्ण थांबलती त्यांची, दोन वर्षांत पहिल्यांदा. चेहरा सैल झालता. त्या चेहऱ्याकडं बघून मला म्हणवेना की न दुखणं हेच आता वाईट आहे.

सकाळचं डोळ्यापुढं यायला लागलं. सिस्टर फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, हितं सही करा, सर थांबल्यात." दुसरी कुणी असती तर न वाचता केली असती. आईनं पिशवीतनं चष्मा काढला. आई चौऱ्याण्णव साली वाचायला शिकली, साक्षरतेचे वर्ग निघालते तेव्हा, समाजमंदिरात कंदील आणि बत्ती, चाळीस बायका. वर्ग बंद पडले, बायका विसरून गेल्या. आई विसरली नाही कारण मी दुकानातनं बिघडलेले कागद आणायचो. एकाची पत्रिका, दुसऱ्याचं तेरावं, पतसंस्थेचा अहवाल. ती सगळं वाचायची, मोठ्यानं, बोट लावून. कोडोलीच्या कुठल्या पोरीचं लग्न कुणाशी झालं हे माझ्या आईला पाठ, ओळख ना पाळख. तिनं फॉर्म घेतला आणि म्हणाली, "थांब बाई. माझ्या पोरानं टाईप केलंय ह्ये." आणि वाचायला लागली. रु-ग्णा-चे संपूर्ण नाव. सिस्टर हसली. आबा म्हणाले, "परीक्षा हाय का काय तुझी?" ती थांबली नाही. प्रत्येक ओळीला मान हलवायची, जिथं प्रश्न असेल तिथं उत्तर द्यायची, मोठ्यानं, कागदाला. "मधुमेह आहे काय. न्हाय बाई. रक्तदाब आहे काय. न्हाय." सिस्टरनं परत विचारलं, "बीपीची, शुगरची गोळी न्हाय ना चालू?" आबा म्हणाले न्हाय. आणि ते खरं होतं. आई शेवटपर्यंत गेली, जबाबदार राहणार नाही, आणि सही केली, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, कांबळेतला ळे जरा मोठा येतो तिचा. मी तिथंच उभा होतो. मला त्या वेळी काय वाटत होतं ते खरं सांगतो. समास छान बसलाय असं वाटत होतं.

पावणेदोनला माझी बोटं हलायला लागली. मी बघितलं तर मांडीवर टाईप करत होती. मला सवय आहे, बसमध्येही होतं. मी त्यांना करू दिलं. इंजेक्शननंतर. डावी करंगळी, मधलं बोट. मग वेळ येते तिथं बोटं गेली आणि एक अक्षर मारलं, काना मारला, दुसरं अक्षर मारलं. चार. आठला बोटं तिकडं गेलीच नसती. मी परत केलं. चार. चार तासांनंतरही पायात जाणीव न आल्यास किंवा लघवी न झाल्यास तत्काळ दवाखान्याशी. तत्काळ. आणि ती वर आली तशी तिच्या वरचीही वर आली, विहिरीत एक घागर ओढावी आणि दोरात दुसरीची कडी अडकून यावी तशी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगणे आवश्यक, अन्यथा मणक्यात रक्त साठून. अन्यथा.

मी आबांच्या पायाशी गेलो. त्यांचा उजवा तळवा माझ्या पंजावर घेतला. गरम होता, जड होता, आपल्या घरातली वस्तू असावी तसा ओळखीचा होता. मी म्हणालो, "आबा, ब्रेक मारा."

"आँ?"

"घाट हाय समजा. ब्रेक मारा की."

ते हसले आणि त्यांनी मारला. मी बघत होतो. जबडा आवळला, हात जरासे वर आले स्टेअरिंग धरल्यासारखे, मान पुढं. सगळं झालं, फक्त पाय आला नाही. माझ्या पंजावर काहीच आलं नाही. मी म्हणालो, "मारा." आबा म्हणाले, "मारला की."

ते ऐकलं आणि मी ओरडलो. सिस्टरवर ओरडलो, त्याची अजून लाज वाटते. ती म्हणाली सर इचलकरंजीला गेल्यात, संध्याकाळी येत्यात, भूल हाय. मी म्हणालो भूल न्हाय, चार तास झाले, फोन लाव. ती म्हणाली, "तू डॉक्टर हैस का रं?" मी म्हणालो, "फॉर्म मी केलाय!" आता विचार केला तर केवढं हसण्यासारखं वाक्य आहे. पण तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि फोन लावला. डॉक्टर वाटेतच होते, हातकणंगल्याजवळ. पंचवीस मिनिटांत आले. टाचणीनं टोचून बघितलं, अंगठा वर, अंगठा खाली, आबांना डोळे मिटायला लावून. प्रत्येक वेळी आबा चुकीचं सांगत होते आणि ठाम सांगत होते. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आलता. त्यांनी वर न बघता विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का काही?"

आई म्हणाली, "पोटरीच्या गाठीवरची व्हय? हाय की. रोज अर्धी. आज सकाळीबी दिली."

आठ महिन्यांपूर्वी आबांची डावी पोटरी सुजलती, बसून बसून आत रक्ताची गाठ झालती, मलकापुरातल्या डॉक्टरनं गोळी चालू केलती. डेपोत सांगितलं नव्हतं. ती गोळी दोनदा मी आणून दिलती मेडिकलमधनं. छोटी, पांढरी, मधे रेघ. म्हणजे गोळीही माझ्या डोक्यात होती आणि ती ओळही माझ्याच डोक्यात होती, आणि दोघी एका घरात राहून कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. मी स्वतःला हे अजून समजावून देऊ शकत नाही.

डॉक्टर आईला म्हणाले, "अहो, सांगायचं नाही का?"

"इचारलं कुठं?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "कागदावर न्हवतं. मी सगळा वाचलाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. एका पानात बसव. वाचतं कोण. ते आमच्या दोघांच्या मधे तिथं उभं होतं आणि दोघांनीही त्याला ओळख दाखवली नाही. ते लगेच फोनकडं वळले, ॲम्ब्युलन्स, मोठा दवाखाना, तिथला मणक्याचा सर्जन. ते स्वतः मागच्या बाजूला आबांच्या डोक्याशी बसून आले, हे सांगायला पाहिजे. स्कॅनमध्ये दिसलं, मणक्यात रक्त साठून त्यानं शिरा दाबून धरल्यात. रक्त थिजायची इंजेक्शनं दिली आणि पाच वाजायच्या आधी आबांना ऑपरेशनला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर आई माझ्या शेजारी बसली. समोर भिंतीवर कसलातरी बोर्ड होता, ती तो वाचत होती, ओठ हलवत. पादत्राणे बाहेर काढावीत. मग माझ्या हातात हात दिला आणि म्हणाली, "तुला कसं रं कळलं?" मी म्हणालो, "कळलं." तिचा हात चोळून चोळून गरम झालेला, खरखरीत. मी माझा सोडवून घेतला, पाणी आणायला जातो म्हणून, आणि नळापाशी तसाच उभा राहिलो.

सर्जन बाहेर येऊन माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "वेळेत आणलंत. अजून चार-पाच तास गेले असते तर पाय कायमचा गेला असता. हे फार क्वचित होतं बरं का, हजारोंत एखादा." माझा शब्द. क्वचित. त्यानं मला बघितलं आणि वाटलं मी रडतोय ते आनंदानं.

तिथनं पुढचं जास्त अवघड झालं. यल्लाप्पाकाका बघायला आले, डेपोतली चार माणसं घेऊन, शहाळी आणि ग्लुकोजचे पुडे. आपण इंजेक्शन सुचवलं म्हणून हे झालं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून ते दुप्पट मोठ्यानं बोलत होते. "आकाराम, तुझं पोरगं नसतं तर आज तू कुबड्यांवर हुतास. डाक्टरला कळलं न्हाय, नरसला कळलं न्हाय, ह्याला कळलं! का? त्यो फारम ह्यानं टाईप केलता! एकेक अक्षर पाठ!" डेपोतला एक जण मला जयभीम घालून म्हणाला, "शिकलेलं वाया जात न्हाय बघ." आबा उशीला टेकून माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हणाले नाहीत, नुसतं काकांना म्हणाले, "पुठ्ठ्यावर बोटं मारायचा, आठवतंय न्हवं?" मी शहाळ्याला भोक पाडत होतो. मला वाटलं आता सांगावं, एवढ्या सगळ्यांत, म्हणजे एकदाच होईल. तोंड उघडलं आणि म्हणालो, "काका, स्ट्रॉ हाय का?"

हे कितीतरी दिवस चाललं. बाहेर कुठं गेलं की कोणतरी म्हणायचं, तूच का तो. कौतुक अंगावर चिकटतं, पाण्यानं जात नाही. मी स्वतःशी वाद घालायचो. ओळ असती तरी आबांनी गोळी लपवलीच असती, डेपोला कळेल म्हणून. असती का? लपवली असती. पण आईनं नसती लपवली. आईला लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, तिला वाटतं कागद वाट बघतोय. आणि डॉक्टरांनी तोंडानं विचारायला नको होतं का? हवं होतं. ते मला पाच मिनिटं पुरायचं. मग परत बोटं मांडीवर. पाचशे अधिक दोनशे प्रती. त्यातल्या किती जणांना काही झालं नाही हेही मी मोजायचो, बहुतेक सगळ्यांना काही झालं नाही, काका म्हशीमागं पळाले, आणि ते आठवून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं.

आबांचा पाय आला, पण सगळा नाही. तीन महिन्यांनी ते चालायला लागले, पंजा खाली लोंबतो म्हणून पोटरीपासनं प्लॅस्टिकची पट्टी घालून. डेपोनं त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं, माईकवर गाड्या सांगायला. घरात ते पट्टी काढून ठेवतात आणि मग त्यांचं चालणं ऐकू येतं, एक पाऊल टक, एक पाऊल फरशीवर घासत. कळ नाही म्हणतात. खाली बघून चप्पल घालतात, दोन्ही डोळ्यांनी, लहान पोरासारखं.

गेल्या आठवड्यात वाळवेकर डॉक्टर दुकानात आले. त्या दिवसापासनं आले नव्हते. स्टुलावर बसले, किल्ली हातात फिरवत राहिले. सयाजीराव समोर होते म्हणून असेल, एवढंच म्हणाले, "अतुल, फॉर्म नवीन कर. जेवढी पानं होतील तेवढी होऊ देत." आणि तोच जुना इंग्लिश झेरॉक्स, कोपऱ्यात काळा डाग असलेला, काउंटरवर ठेवला. जाताना दारात थांबले, मला वाटलं काहीतरी बोलतील. गाडी काढायला मागं बघितलं आणि गेले.

मी केला. टाईप चौदाचा. अडीच पानं झाली. तीन ओळी होत्या तिथं ठेवल्या, ठळक केल्या. पहिली प्रत घरी आणली, बिघडलेली नव्हती तरी. म्हणजे मी आणली. मला कुणी आणायला सांगितलं नव्हतं. आई जोंधळं निवडत बसलती, सूप बाजूला सरकवलं, चष्मा लावला. आतल्या खोलीत आबा खुंटीवरचा शर्ट काढायला फिरत होते, टक, घास, टक, घास. आई वाचायला लागली, बोट लावून. रुग्णाचे संपूर्ण नाव. मधुमेह आहे काय. आता ती भरभर वाचते, तरी मला ती प्रत्येक ओळ लांबलचक वाटत होती. "रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगणे आवश्यक." बोट थांबलं. तिनं पुढचं वाचलं, मणक्यात रक्त साठून, पायाची ताकद कायमची, मग चार तासांनंतरही. परत बोट वर नेलं. चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं.

"ह्ये आदी न्हवतं की रं."

"व्हतं," मी म्हणालो. "इंग्लिशमधी व्हतं. मी काढलं."

"का?"

"पानात बसत न्हवतं."

आई माझ्याकडं बघत होती ते थांबली आणि कागदाकडं बघायला लागली. बोट त्याच ओळीवर होतं, नखात जोंधळ्याचा भुसा अडकलेला. मग तिनं ती ओळ पहिल्यापासनं परत वाचायला घेतली, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आत आबांचा पाय घासायचा थांबला.